स्नो पिट चांगला आला तर उतरायला हरकत नाही ना?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार मित्र फेब्रुवारीत पुण्याहून गुलमर्गला चाललेत, दोघांचा स्कीइंगचा बेसिक आणि इंटरमीजिएट कोर्स झालाय, बाकीचे दोघं औलीला शिकलेत, आणि त्यातल्या एकाने व्हिडिओ बघून स्नो पिट, म्हणजे बर्फाचे थर बघायचा खड्डा, खणून ॲव्हलांचचा (हिमस्खलनाचा) धोका तपासायची कंप्रेशन टेस्ट कशी करायची ते शिकून घेतलंय. तर गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने वर जायचं, स्की पॅट्रोलच्या (उतार तपासून उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या टीमच्या) हद्दीबाहेरच्या एखाद्या बाऊलच्या, म्हणजे वाटीसारख्या मोकळ्या उताराच्या, तोंडाशी पिट खणायचा, टेस्ट चांगली आली तर उतरायचं, यात काही चुकतंय का?

हो, चुकतंय. पिट खणू नका असं म्हणत नाहीये, खणा, शिकायला त्यासारखं दुसरं काही नाही. पण पिट तुम्हाला फक्त "नको" सांगू शकतो, "जा" सांगू शकत नाही. जायचं की नाही ते ठरतं उतार किती अंशांचा आहे, त्यावर आणि त्याच्या वर काय जमलंय आणि घसरलात तर खाली काय आहे यावरून, आणि हे सगळं आदल्या संध्याकाळी खोलीवर बसून, नकाशा आणि हवामान समोर ठेवून ठरवायचं असतं. उताराच्या तोंडावर पायात स्की अडकवून उभं राहिलं की डोकं चालत नाही, तिथे सगळ्यांना फक्त खालची पावडर, म्हणजे ताजा भुसभुशीत बर्फ, दिसते.

आधी अँगलचं बोलू, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाची गोष्ट तीच. स्लॅब ॲव्हलांच, म्हणजे अख्खा थरच्या थर तुटून एकदम सरकतो तो प्रकार, बहुतेक करून 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतो, त्यातही 35 ते 40 च्या मध्ये सगळ्यात जास्त. 30 च्या खाली स्लॅब सुटणं दुर्मीळ. खूपच उभ्या कड्यावर बर्फ फारसा साठतच नाही, पडता पडताच थोडा थोडा घसरून जातो. गोम अशी की स्कीइंगला मजा येते ते उतार नेमके ह्याच पट्ट्यातले. आणि 32 कुठला नि 37 कुठला हे नुसत्या डोळ्याला कळत नाही, पांढऱ्या उतारावर तर अजिबातच नाही, म्हणून मोजायचं. फोनमध्ये क्लिनोमीटरचं, म्हणजे उताराचा कोन मोजायचं, ॲप असतं, स्की पोल उताराच्या रेषेत बर्फावर ठेवायचा, त्यावर फोन ठेवायचा, झालं. ही सवय पुण्यात बसून लावता येते, वेताळ टेकडीवर जा नाहीतर सिंहगडाच्या वाटेवर, समोरच्या उताराचा आकडा आधी मोठ्याने बोल आणि मग मोज. सुरुवातीला बहुतेक जण भरपूर जास्त सांगतात, महिनाभरात अंदाज जवळ यायला लागतो.

नकाशावरही आकडा निघतो. 1:50,000 चा नकाशा आणि 40 मीटरच्या कंटूर (समान उंचीच्या रेघा) असतील तर 30 अंशांच्या उतारावर दोन रेघांमधलं अंतर साधारण 1.4 मिलिमीटर येतं, त्याहून जवळ आल्या की उतार त्याहून उभा. फोनवरच्या नकाशांमध्ये हल्ली उताराचे रंग भरलेले मिळतात, ते वापर, पण हिमालयासाठी त्यांच्यामागचा उंचीचा डेटा बऱ्याचदा 30 मीटरच्या चौकटींचा असतो, म्हणजे मधली 15 मीटरची उभी टप्पी त्यात सपाट होऊन जाते. रंग हिरवा दिसला म्हणून पोल आणि फोन बाहेरच काढायचे नाहीत असं करू नका.

आणि अँगल फक्त पायाखालचा बघायचा नसतो. तू 20 अंशांवर उभा असलास आणि डोक्यावर 38 चा उतार बर्फाने लोड होऊन बसलेला असेल तर तू 38 च्याच तडाख्यात आहेस. कमकुवत थरातली क्रॅक लांबवर पळते, खालच्या सपाटीवरून चालणाऱ्याच्या वजनाने वरचा उतार सुटल्याची उदाहरणं भरपूर आहेत. खिलनमर्ग म्हणजे गोंडोला ज्या डोंगरावर जाते त्या अफरवटच्या अंगाखालचा मोकळा पट्टा, फोटोत बघितलास तर वाटेल इथे कसला धोका, आणि तिथेच 8 फेब्रुवारी 2010 ला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या तुकडीवर ॲव्हलांच आली आणि 17 जवान गेले. शिकलेले, फिट, डोंगरात राहणारे लोक होते ते.

आता बर्फात आत काय चाललेलं असतं ते जरा नीट सांगतो, कारण हे कळलं की बाकीचं आपोआप लागत जातं. प्रत्येक वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारं वादळी हवामान, एक थर टाकून जातं, मग चार-आठ दिवस ऊन, थंडी, वारा त्या थराचं काहीतरी करतात, मग पुढचं डिस्टर्बन्स येऊन वर नवा थर टाकतं. तर सीझनच्या मध्यावर तुझ्या स्कीखाली असे कितीतरी थर एकावर एक बसलेले असतात आणि सगळ्यांचं एकमेकांशी पटलेलं असतंच असं नाही. स्लॅब ॲव्हलांचला तीन गोष्टी लागतात, वर एकजीव झालेला थर, त्याच्याखाली कमकुवत थर आणि पुरेसा उतार. चौथी गोष्ट म्हणजे धक्का देणारा, आणि स्कीअर ज्या ॲव्हलांचमध्ये सापडतात त्यातल्या बहुतेक त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच ग्रुपमधल्या कुणीतरी सोडलेल्या असतात. वरून आपोआप येऊन गाठणारी कमीच.

कमकुवत थर तयार होतो थंडीमुळे. जमिनीलगतचा बर्फ साधारण शून्य अंशाच्या आसपास असतो, वरचा पृष्ठभाग रात्री कितीतरी गार होतो. ह्या फरकामुळे बर्फातली वाफ खालून वर सरकते, आणि दर 10 सेंटिमीटरला 1 अंशापेक्षा जास्त फरक पडायला लागला की कणांचा आकारच बदलतो, गोलसर एकमेकांना चिकटलेले कण जाऊन कोनेरी, मोठे, सुटे कण होतात. हातात घेतले तर बोटांमधून सरळ गळतात, बॉल वळतच नाही. टेबलावर सांडलेल्या जाड साखरेवर काच ठेवावी आणि टेबल तिरकं करावं, तसं काम असतं ते. आता हिशोब कर. पृष्ठभाग उणे 12 ला गेला आणि बर्फ 2 मीटर जाड असेल तर दर 10 सेंटिमीटरला फरक पडला 0.6 अंश, ठीक आहे. तीच थंडी आणि बर्फ फक्त 60 सेंटिमीटर असेल तर फरक 2 अंश, म्हणजे खालचा सगळा पाया सुटा व्हायला लागला. म्हणून कमी बर्फ म्हणजे कमी धोका हे पुणेकरी लॉजिक इथे उलटं आहे. सुरुवातीला थोडा बर्फ, मग लांबलेली कोरडी थंडी, आणि मग एकदम दोन-तीन दिवस दणकून बर्फ, हा सगळ्यात वाईट क्रम. जानेवारी 2024 आठव, गुलमर्गला बर्फच नाही म्हणून सगळीकडे पिवळ्या गवताचे फोटो फिरत होते, आणि मग महिन्याच्या शेवटापासून बर्फ सुरू झाला. अशा वर्षी बुकिंग केलेले सगळे खूश होतात की चला एकदाचा पडला, पण मी अशा वर्षी उभ्या उतारांकडे जास्त दिवस बघतही नाही.

दुसरा कमकुवत थर वरून येतो. रात्र निरभ्र, वारा नाही, हवेत दमटपणा, की सकाळी बर्फावर पिसांसारखे स्फटिक उगवलेले दिसतात, उन्हात चमचमतात, लोक रील काढतात. वर उघडे असताना निरुपद्रवी, ऊन-वाऱ्याने मोडतातही, पण मोडायच्या आत त्यावर नवा बर्फ पडला तर उभेच्या उभे गाडले जातात आणि तो काही मिलिमीटरचा थर आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. म्हणून तिथे पोचल्यावर स्थानिक लोकांना विचारायचं की शेवटचा बर्फ पडायच्या आधीचे दिवस कसे होते. किती बर्फ पडला हे सगळेच विचारतात, तो कशावर पडला हे विचारायचं.

"दोन दिवस झाले, आता सेटल झालं असेल" हे वाक्य तुम्ही तिथे रोज ऐकाल. नुसता नवा बर्फ जुन्यावर नीट पडला असेल तर ते बऱ्यापैकी खरंही आहे, एक-दोन दिवसांत तो बसतो. पण खाली वर सांगितलेला सुटा थर असेल तर दोन दिवस काय आणि दोन आठवडे काय, त्याला फरक पडत नाही, उलट वरचा स्लॅब घट्ट होत जातो आणि सुटला की मोठा सुटतो.

मग वारा. वारा वाऱ्याकडच्या बाजूचा बर्फ उचलून धारेच्या पलीकडे आडोशाच्या बाजूला टाकतो, आणि आकाश निळं असतानाही काही तासांत तिथे एवढं लोडिंग होतं की तेवढा बर्फ आभाळातून पडायला अख्खा दिवस लागला असता. त्या भागात डिस्टर्बन्सबरोबरचा वारा मुख्यतः पश्चिमेकडून असतो आणि अफरवटच्या धारेचं गोंडोलाकडचं अंग पूर्वेकडे, ईशान्येकडे तोंड करून आहे. म्हणजे आपण पर्यटक ज्या बाजूने उतरतो, बरोबर त्याच बाजूला बर्फ येऊन पडतो. धारेवर बर्फाचा छज्जा वाढलेला दिसला तर त्याच्या खालचा उतार लोड झालाय हे गृहीत धर. पायाखाली बर्फ मॅट, गुळगुळीत, पोल मारला की पोकळ डब्ब आवाज, वरून कडक आणि पोल दाबल्यावर एकदम भसकन आत, हा विंड स्लॅब. मधूनच फुगवटा येऊन उतार जिथे एकदम खाली वळतो ती जागा आणि खडकांच्या आजूबाजूला जिथे बर्फ पातळ असतो ती जागा, बहुतेक वेळा ट्रिगर तिथेच बसतो, कारण तिथून तुझं वजन कमकुवत थरापर्यंत सहज पोचतं.

आता पिट. तुझ्या मित्राने शिकलेली कंप्रेशन टेस्ट म्हणजे 30 बाय 30 सेंटिमीटरचा खांब मोकळा करायचा, वर शॉव्हेल (फावडं) ठेवायचं, आधी मनगटातून 10 थापा, मग कोपरातून 10, मग खांद्यातून 10, आणि कुठल्या थापेला कुठल्या थरावर तुटतं ते बघायचं. ह्यातून क्रॅक सुरू व्हायला किती जोर लागतो ते कळतं. पण ॲव्हलांचला क्रॅक सुरू होऊन पुरत नाही, ती पळाली पाहिजे, आणि 30 सेंटिमीटरच्या खांबात ती पळतेय की नाही ते कळायला जागाच नाही. म्हणून मित्राला सांग, एक्स्टेंडेड कॉलम टेस्ट शीक. 2006 च्या सुमारास आली ती, आता सगळीकडे हीच जास्त वापरतात. उताराला आडवा 90 सेंटिमीटर आणि वरच्या दिशेने 30 सेंटिमीटर असा खांब, दोन्ही बाजूंनी आणि मागून दोरीने किंवा सॉने (करवतीने) नीट कापलेला, आणि शॉव्हेल एका टोकाला ठेवून थापा त्याच 10-10-10. थापा मारणाऱ्याने आकडे मोठ्याने म्हणायचे, दुसऱ्याने गुडघ्यावर बसून नजर खांबाच्या समोरच्या भिंतीवर ठेवायची. क्रॅक शॉव्हेलखाली दिसली आणि त्याच थापेला किंवा लगेच पुढच्या थापेला सळकन दुसऱ्या टोकापर्यंत गेली, की सामान आवरायचं आणि त्या दिवशी त्या दिशेच्या उभ्या उतारांचं नाव काढायचं नाही. हे एकदा डोळ्यासमोर बघितलं, की 90 सेंटिमीटरचा अख्खा ठोकळा 13 व्या थापेला तुझ्या मांडीवर सरकून येतो, की बाकी भाषण द्यावं लागत नाही.

आणि नाही पळाली तर? तर एवढंच कळलं की ह्या एका जागी, ह्या क्षणी, पळाली नाही. बर्फ सगळीकडे सारखा नसतो, 15-20 पावलांवर तो थर दुप्पट जाड किंवा अर्धा असू शकतो. शिवाय पिट तुम्ही सेफ जागी खणणार, खणायलाच पाहिजे, म्हणजे ज्या उताराबद्दल शंका आहे तो उतार तुम्ही तपासलेलाच नाही. कमकुवत थर एक मीटरपेक्षा खोल असेल तर वरच्या थापा तिथवर नीट पोचतच नाहीत, टेस्ट मस्त येते आणि खाली साखर तशीच बसलेली. आणि चांगला पिट खणून, थर हाताने दाबून बघून, टेस्ट करायला नवीन माणसाला 40 मिनिटं लागतात, तोवर बाकीचे तिघं वाऱ्यात कुडकुडत "झालं का रे" करत असतात, त्या घाईत खांबाची मागची बाजू नीट कापली जात नाही आणि रिझल्ट चुकीचा छान येतो. मी स्वतः पिट खणतो तो आधीच ठरलेला सौम्य प्लॅन अजून सौम्य करायचा का ते बघायला. प्लॅन जास्त धाडसी करण्यासाठी मी पिटचा आधार घेत नाही आणि माझ्या ओळखीतले जे लोक वर्षानुवर्षं हे करतायत तेही घेत नाहीत.

पिटपेक्षा फुकट आणि जास्त खरी माहिती बर्फ स्वतःच देत असतो. त्याच दिशेच्या, त्याच उंचीच्या उतारांवर ताज्या ॲव्हलांच दिसतायत का, हा पहिला आणि सगळ्यात मोठा पुरावा. चालताना पायाखालून धप्प असा दबका आवाज येऊन आजूबाजूचा बर्फ खचल्यासारखा वाटला तर तो कमकुवत थर मोडल्याचा आवाज आहे, बर्फ "बसतोय" असं सांगणारा माणूस भेटेल, त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. स्कीच्या टोकापासून क्रॅक पुढे पळत गेली तर तेच. 24 तासांत 30 सेंटिमीटर किंवा जास्त बर्फ, किंवा जोरात वारा, किंवा एकदम उकाडा, पाऊस. ह्यातलं एक जरी दिसलं तर 30 अंशांच्या वर जायचं नाही, वाद नाही, मतदान नाही. मार्चमधल्या ओल्या बर्फाचं थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही फेब्रुवारीत चाललाय, दक्षिणेकडच्या उतारावर उन्हाने बर्फाचे गोळे स्वतःहून घरंगळायला लागले आणि बूट घोट्याच्या वर रुतायला लागला की तो उतार त्या दिवसापुरता संपला.

हवामान आणि बुलेटिनचं. मनालीची बर्फ आणि ॲव्हलांचचा अभ्यास करणारी जुनी सासे संस्था, 1969 पासूनची, ती 2020 मध्ये डीआरडीओच्या दुसऱ्या लॅबमध्ये मिळून चंडीगडची डीजीआरई झाली, ॲव्हलांचचे इशारे तीच देते आणि ते आपत्ती व्यवस्थापनाकडून जिल्हावार बाहेर येतात. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात, तर त्या नावाखाली बघायचं. पण त्याची भाषा समजून घे, "अमुक मीटरच्या वर मीडियम धोका" एवढंच येतं, ते रस्ते, वस्त्या, चौक्या डोळ्यासमोर ठेवून असतं, कुठल्या दिशेचा उतार आणि कुठला थर हे त्यात नसतं. आणि मीडियम शब्द वाचून लोक निर्धास्त होतात. युरोपात 1 ते 5 अशी पातळी असते, तिथेही जास्तीत जास्त माणसं मधल्या 3 लाच मरतात, कारण 4-5 ला फारसं कुणी बाहेर पडत नाही. वर्नर मुंटर नावाच्या स्विस गाइडने 1990 च्या दशकात सोपा हिशोब घालून दिला होता, पातळी 2 असेल तर 40 अंशांच्या खाली राहा, 3 ला 35 च्या खाली, 4 ला 30 च्या खाली. आपल्याकडे उतारनिहाय बुलेटिन नाही आणि तुम्ही नवीन आहात, म्हणून तुम्ही कायम एक पातळी वर धरायची. डिस्टर्बन्स कधी येतंय हे मात्र आयएमडी (हवामान खातं) चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी नीट सांगतं, शिवाजीनगरच्या शिमला ऑफिसवरून, म्हणजे त्यांच्याच पुण्यातल्या ऑफिसवरून, रोज जाणाऱ्या पुणेकराने तेवढं तरी वाचावं. जायच्या पंधरा दिवस आधीपासून तिथला बर्फ, तापमान, वारा एका वहीत लिहीत जा, तारीखवार. तिथे उतरशील तेव्हा पायाखाली कुठले थर आहेत याचा अर्धा अंदाज तुझ्याकडे आधीच असेल, आणि हे पिटपेक्षा जास्त कामाचं ठरतं.

आता माणसांचं, कारण बर्फ समजून पण लोक जातात. सहा दिवसांची सुट्टी, ती पण मॅनेजरच्या हातापाया पडून मिळवलेली, तिकिटं नॉन-रिफंडेबल, त्यातले दोन दिवस बर्फ पडतोय म्हणून गोंडोला बंद, आणि तिसऱ्या दिवशी निळं आकाश, अर्धा मीटर कोरी पावडर आणि गोंडोलाला रांग. नेमका हाच दिवस सगळ्यात धोक्याचा आणि नेमका ह्याच दिवशी चौघांपैकी एकाच्याही तोंडून "आज नको" निघत नाही. वर गेल्यावर उतारावर दुसऱ्या कुणाचे ट्रॅक दिसतात, मग वाटतं ते गेले म्हणजे चालतंय. पहिले पाच जण गेले आणि सहाव्याला सुटली असं होतं, कारण पाचही जण त्या पातळ जागेवरून गेलेच नव्हते. 1 फेब्रुवारी 2023 ला अफरवटच्या हापतखुड भागात दोन पोलिश स्कीअर गेले, बरोबर मोठा ग्रुप होता, स्थानिक गाइडही होते. 22 फेब्रुवारी 2024 ला कोंगडोरीच्या, म्हणजे गोंडोलाचा पहिला टप्पा संपतो त्या जागेच्या, वरच्या उतारांवर एक रशियन गेला. ही नवशिकी माणसं नव्हती, म्हणजे स्कीइंग चांगलं येणं आणि बर्फ कळणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौघांत एक नियम आत्ताच करून टाका, कुणीही एकाने कारण न देता नाही म्हटलं की चौघं परत, आणि नंतर जेवताना त्यावरून त्याची खेचायची नाही. दुसरं कलम पहिल्यापेक्षा अवघड आहे.

उतरताना एकावेळी एकच, बाकीचे खरोखर आडोशाच्या जागी आणि नजर त्याच्यावर, खालचा थांबलेला असताना त्याच्या डोक्यावर वळणं घ्यायची नाहीत, आणि थांबायचं ते घळीत किंवा नाळेच्या तोंडाशी नाही. सह्याद्रीत पावसाळ्यात नाळेत बसून डबा खाऊ नये हे जसं कुणी शिकवावं लागत नाही तसं हे अंगवळणी पडायला पाहिजे. छोटी ॲव्हलांचसुद्धा घळीत माणसाला दोन-तीन मीटर गाडते, मोकळ्या उतारावर तीच कदाचित गुडघ्यापर्यंत आली असती.

बीकन (गाडलेल्या माणसाचा सिग्नल देणारं आणि पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), शॉव्हेल प्रत्येकाकडे, प्रत्येकाकडे म्हणजे चौघांकडे, "दोघांत एक" असलं काही चालत नाही. गाडल्या गेलेल्या माणसाची जगायची शक्यता पहिली 10-15 मिनिटं चांगली असते, मग झपाट्याने घसरते आणि अर्ध्या तासानंतर फार थोडे सापडतात जिवंत. बाहेरची मदत ह्या वेळात पोचत नाही, म्हणजे वाचवणारे तुम्ही तिघंच. आणि हे पुण्यात आरामात प्रॅक्टिस करता येतं. वेताळ टेकडीवर संध्याकाळी एक बीकन सेंडवर (सिग्नल सोडायच्या मोडवर) टाकून जुन्या सॅकमध्ये भर, एकाने ती पाचोळ्यात नाहीतर झुडपात लपवायची, बाकीच्यांनी 40-50 मीटरवरून सुरू करायचं. पहिल्यांदा सगळे बीकन हातात गोल गोल फिरवतात, आकडे उड्या मारतात, माणूस वैतागतो. बाण दाखवेल तिकडे चालत राहायचं, आकडा 10 च्या खाली आला की हळू, 3 च्या खाली आला की बीकन जमिनीला टेकवून दिशा न बदलता आधी सरळ रेषेत आणि मग आडवं. सॅक तीन मिनिटांत सापडायला लागेपर्यंत दर रविवारी करा. मोबाइल, गोप्रो, गरम होणारे ग्लव्ह्ज ह्यांनी सिग्नल बिघडतो, सेंडला असताना 20 सेंटिमीटर लांब आणि सर्चला 50 सेंटिमीटर लांब ठेवायचे, आणि हे टेकडीवर मुद्दाम फोन चिकटवून बघ म्हणजे पटेल. खणायची प्रॅक्टिस मात्र बर्फाशिवाय होत नाही, आमच्यातले काही जण सोसायटीच्या बांधकामाच्या वाळूत सुरू झाले होते, वॉचमनने हाकललं. तिथे पोचल्यावर पहिल्या दिवशी करा, प्रोब लागला की तो तसाच ठेवायचा आणि त्याच्या उताराच्या खालच्या बाजूला, खोली असेल तेवढं मागे जाऊन तिथून आत खणत यायचं, वरून खड्डा करत नाही बसायचं. एअरबॅगने, म्हणजे ॲव्हलांचमध्ये फुगून माणसाला वर ठेवणाऱ्या सॅकने, फायदा होतो, पण विमानात सिलिंडर न्यायचा म्हणजे एअरलाइनची परवानगी आधी लेखी घ्यावी लागते, आणि एअरबॅग आहे म्हणून उतार बदलणार असाल तर घेऊच नका.

तुमच्या ट्रिपचं म्हणशील तर मी असं करेन. पहिले दोन दिवस पॅट्रोलच्या हद्दीत, सकाळी त्यांनी काय उघडलंय काय बंद ठेवलंय ते बघायचं आणि का बंद ते विचारायचं, ते सांगतात. तिसऱ्या दिवशी गाइड घेऊन 30 च्या खालचे झाडीतले उतार, ज्यांच्या डोक्यावर मोकळा उभा उतार नाही असे, तिथे पिट खणा, दोन-तीन ठिकाणी खणा, एकमेकांपासून लांब, आणि एकाच डोंगरावर रिझल्ट किती वेगळे येतात ते लिहून ठेवा. मोठा बाऊल ह्या वर्षी राहू दे, किंवा अनुभवी गाइड स्वतः म्हणाला तरच. आणि गाइडला "सेफ आहे ना" असं विचारू नकोस, त्याचं उत्तर हो असंच येणार, त्याचं पोट त्यावर आहे. त्याला विचार, ह्या आठवड्यात कुठला उतार सुटला, आज तू स्वतः कुठे जाणार नाहीस, आणि इथे सुटली तर आपण कुठल्या बाजूला निघायचं. ह्या तिन्हींची उत्तरं त्याने न अडखळता दिली तर माणूस बरोबर आहे, टाळाटाळ केली तर पैसे देऊन मोकळे व्हा आणि त्या दिवशी कोंगडोरीलाच स्की करा.

भाड्याने बीकन घेणार असाल तर तिथेच दुकानात चौघांचे चालू करून एकमेकांना पकडतात का ते बघा, तीन अँटेनाचे डिजिटलच घ्या, आणि सेल इथून नवे अल्कलाइन घेऊन जा, कंपनीने चालतात असं लिहिलं नसेल तर रिचार्जेबल घालू नका.